शोलातील दालचिनीच्या फुलांसाठी सात दिवस

गेली दोन वर्षे माझ्या टेबलावर एका झाडाची वाळवलेली पाने आहेत. त्या झाडाला एकतर नाव नाही, किंवा नाव आहे आणि मला ते सापडलेले नाही. या दोनांपैकी खरे काय, हे ठरवण्यासाठी केलेल्या तिसऱ्या प्रवासाची ही हकिगत आहे.

केरळमध्ये मुन्नारच्या पूर्वेला, तमिळनाडूच्या हद्दीलगत, 1,900 मीटरच्या वर जी ढगांतली जंगले आहेत त्यांना शोला म्हणतात; तमिळमधील ‘सोलै’ या शब्दावरून हे नाव आले. त्यांपैकी एका शोलात, ओढ्याच्या काठी हे झाड प्रथम दिसले तेव्हा त्याच्यावर ना फूल होते ना फळ. साल नखाने खरवडल्यावर आलेल्या वासावरून आणि पानाच्या बुडापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरांवरून ते सिनॅमोमम, म्हणजे दालचिनीच्या प्रजातीतले आहे एवढेच कळले. गेल्या सप्टेंबरात पुन्हा गेलो, तेव्हा झाडाखाली पडलेली काही फळे मिळाली. फूल मात्र अजून पाहायचे होते आणि फुलावाचून या प्रजातीत जात ठरत नाही. (आपल्याकडील वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास ‘जाती’च्या अर्थाने येतो. मी येथे मराठी विश्वकोशाप्रमाणे जीनससाठी प्रजाती आणि स्पीशीजसाठी जाती असे लिहिते आहे.)

शोलाचे नाव आणि नेमकी जागा मी मुद्दाम देत नाही. दालचिनीची जंगली झाडे सालीसाठी सोलली जातात आणि सभोवार सोललेले झाड उभ्या उभ्या मरते.

पहिला दिवस : कोइम्बतूर ते मुन्नार

पुण्याहून निघालेली गाडी पहाटे कोइम्बतूरला पोहोचली. बरोबर माझा एक संशोधक विद्यार्थी होता. तो आंबोलीजवळच्या गावातला आहे. सामानात त्याने घरचा झेला आणला होता, म्हणजे बांबू सोडून फक्त त्याचे पाते आणि जाळी. कोकणात हापूस उतरवायला जे अवजार वापरतात त्याने फुलोरा उतरवायचा, ही त्याची स्वतःची कल्पना होती आणि ती किती उपयोगी पडली ते पुढे येईलच.

गाडीत त्याने विचारले होते, “मॅडम, झाडांच्या अशा नव्या जाती आता शिल्लक तरी किती राहिल्या असतील?” 2022 साली अनेक देशांतील अभ्यासकांनी मिळून केलेल्या एका गणितात पृथ्वीवर झाडांच्या सुमारे 73,000 जाती असाव्यात आणि त्यांपैकी सुमारे 9,200 अजून विज्ञानाला अज्ञात असाव्यात, असा अंदाज निघाला. जे उरले आहे ते बहुधा विरळ आणि एखाद्याच डोंगरापुरते असणार, असेही त्या अभ्यासकांनी म्हटले आहे. मी हे सांगितल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे शोधायला उशीर झाला तर काही जाती नाव मिळण्याआधीच जातील.” ते खरेच आहे.

उडुमलपेट सोडले की रस्ता चिन्नार अभयारण्यात शिरतो. हा प्रदेश पर्जन्यछायेत आहे; काटेरी झुडपे, निवडुंग, लाल माती आणि मार्चचे ऊन. मरयूरच्या चंदनाच्या रानापाशी चढण सुरू होते, काही तासांत चहाचे मळे येतात आणि संध्याकाळी मुन्नारला स्वेटर घालावा लागतो. वाटेत पांबार नदी लागते. केरळातल्या बहुतेक नद्या पश्चिमेला समुद्राकडे जातात. पूर्वेला वाहणाऱ्या तीनच, आणि पांबार त्यांतली एक. ढगांत उभ्या असलेल्या शोलांमध्ये मुरलेले पाणी या कोरड्या रानातून तमिळनाडूच्या अमरावती नदीला मिळते. चिन्नारच्या उन्हात तो प्रवाह पाहताना वरचे जंगल डोळ्यांपुढे ठेवले, तर शोला म्हणजे काय हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा लवकर समजते.

दुसरा दिवस : ढगात

वनखात्याच्या परवान्याची प्रत चौकीवर देऊन आम्ही सातच्या सुमारास चालायला लागलो. बरोबर वनखात्याचे एक वाटाडे होते. ते मुदुवन समाजाचे, वय साठीच्या आसपास. मागच्या दोन्ही खेपांना तेच होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तमिळमध्ये आणि मराठीत या हाकेचा अर्थ एकच असल्याने संकोच वाटत नाही. या झाडाच्या खाली सप्टेंबरात फळे पडतात हे आम्हाला त्यांनीच सांगितले होते.

शोलात शिरताना बाहेरचे गवताळ माळ आणि आतले रान यांची सीमा एखाद्या भिंतीसारखी दिसते. दोन पावले आत गेले की उजेड हिरवा होतो आणि आवाज दबतो. झाडे उंच नाहीत, फार तर दहा-पंधरा मीटर. वाऱ्याने शेंडे छाटल्यासारखे घुमटाकार झालेले, खोडांवर शेवाळ, शेवाळात नेचे, नेच्यांत ऑर्किडे. साडेनऊच्या सुमारास दरीतून ढग वर चढला. पाऊस पडत नव्हता, तरीही पानांच्या टोकांवरून पाणी गळत होते, कारण ढगातला दमटपणा पानांवर आणि शेवाळावर साचून थेंबाथेंबाने खाली येतो. मी शिकत असताना महाबळेश्वरला अंजनी, जांभूळ आणि पिसा यांच्या रानात पावसाळ्यातले असे धुके पाहिले होते. त्यांतला पिसा हा दालचिनीच्याच लॉरेसी कुलातला. त्या रानात या कुलाची ओळख झाली आणि नंतर आयुष्याचा मोठा भाग त्यातच गेला.

झाड सापडले. खोडाला मागच्या वेळी बांधलेली क्रमांकाची ॲल्युमिनियमची पट्टी शेवाळाने अर्धी झाकली गेली होती. वर पाहिले तर फांद्यांच्या टोकांना, कोवळ्या पानांच्या बगलांत फुलोरे होते. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. पण दुर्बिणीतून पाहिल्यावर कळले की कळ्या बहुतेक सगळ्या मिटलेल्या आहेत. ढग दाट होता आणि उमललेले एकही फूल दिसत नव्हते. अण्णा म्हणाले, ऊन आले की उघडतील, उद्या या. आम्ही त्या दिवशी काहीही तोडले नाही.

उरलेला वेळ आसपासची झाडे नोंदवण्यात गेला. नव्या जातीच्या वर्णनात ‘सोबतची झाडे’ अशी एक ओळ लिहायची असते. ती वाचताना कोरडी वाटते, पण पुढे त्याच ओळीच्या आधाराने कुणीतरी दुसऱ्या डोंगरावर हे झाड शोधतो. निलगिरी चाफा, शोलातली जांभळे, सिम्प्लोकॉस, आयलेक्स आणि काठावर ऱ्होडोडेंड्रॉन, अशी आमच्या ओढ्याकाठची यादी झाली.

तिसरा दिवस : फूल

सकाळी आकाश स्वच्छ होते. नऊ वाजता आम्ही झाडाखाली होतो आणि साडेदहाच्या सुमारास ऊन फांदीवर आल्यावर काही फुले उघडली.

लॉरेसी कुलातल्या बऱ्याच झाडांची एक रीत मला दरवेळी नव्याने थक्क करते. ॲव्होकॅडोमध्ये ती पहिल्यांदा नीट अभ्यासली गेली आणि लागवडीच्या दालचिनीतही ती दिसते. एकच फूल दोनदा उमलते. पहिल्या उमलण्यात स्त्रीकेसर परागकण घ्यायला तयार असतो आणि पुंकेसर बंद असतात. मग फूल मिटते आणि पुन्हा उघडते तेव्हा परागकोश फुटलेले असतात. त्यामुळे अर्धवट माहितीने तोडलेले फूल फसवते. सकाळची फुले आणि दुपारची फुले अशी वेगळी करून, वेळ लिहूनच स्पिरिटच्या बाटल्यांत ठेवली पाहिजेत. विद्यार्थ्याने बाटल्यांवर पेन्सिलीने चिठ्ठ्या लिहिल्या. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि अशा एका विरघळलेल्या चिठ्ठीमुळे माझा एक जुना नमुना कायमचा निरुपयोगी झाला, हे मी त्याला पहिल्याच वर्षी सांगितले होते.

झेला अण्णांनी कापलेल्या बांबूला बांधला. सुमारे सहा मीटर उंचीवरची डहाळी पात्याने कापली गेली आणि जाळीत अलगद उतरली. काठीला लावलेल्या कात्रीने तोडले असते तर फुलोरा फांद्यांवर आपटत खाली आला असता आणि दालचिनीची उमललेली फुले तेवढ्यानेही झडतात. पाच डहाळ्या काढल्या. एक पुढे मूळ नमुना म्हणजे होलोटाइप ठरू शकेल, म्हणून सर्वांत चांगली, फुले आणि नवी-जुनी पाने असलेली निवडली. बाकीच्या त्याच झाडाच्या, त्याच दिवशीच्या जोडप्रती, ज्यांना आयसोटाइप म्हणतात आणि ज्या वेगवेगळ्या संस्थांत ठेवतात. एक संस्था जळाली किंवा बुडाली तरी जातीचा पुरावा कुठेतरी राहावा, हा त्यामागचा हेतू.

मग मी ओढ्याकाठच्या खडकावर बसले, एक फूल चिमट्यात धरले आणि दहापट भिंगाखाली पाहिले. फूल पाच-सहा मिलिमीटरचे, पिवळट पांढरे, आतून मऊ लवदार. पाकळ्या आणि निदले असा भेद येथे नसतो. सारख्या दिसणाऱ्या सहा परिदलांचा पेला असतो. त्याच्या आत पुंकेसरांचे वेढे. बाहेरच्या दोन वेढ्यांत तीन-तीन, त्यांची तोंडे आत वळलेली. तिसऱ्या वेढ्यातले तीन मात्र पाठ फिरवून बाहेर पाहतात आणि त्यांच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक लहानशी पिवळी ग्रंथी असते. त्याहून आत तीन वांझ पुंकेसर, बाणाच्या टोकासारखे. आणि परागकोश, ते चिरत नाहीत. प्रत्येकाला चार खिडक्या असतात आणि प्रत्येक खिडकीची झडप वरच्या बाजूला उचलली जाते. दुपारच्या फुलात या झडपा उघडलेल्या होत्या. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला भिंग दिले. त्याने बराच वेळ काही न बोलता पाहिले आणि मग अण्णांकडे दिले. अण्णांनीही पाहिले. आयुष्यभर या झाडांखालून चालणाऱ्या माणसाने त्याचे फूल आतून पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला लिहिता येत नाही.

आमच्या झाडात लक्ष वेधणारी गोष्ट वेगळीच होती. फुलाचा देठ बारीक आणि लांब, फुलाच्या दुपटीहून जास्त. आणि पानाची खालची बाजू निळसर पांढरट, जवळजवळ गुळगुळीत. या पट्ट्यातल्या उंच डोंगरांवरची दालचिनी म्हटले की पहिल्यांदा आठवतात सिनॅमोमम वाइटाय आणि सिनॅमोमम पेरोटेटाय. ही दोन्ही नावे माइस्नर यांनी 1864 साली दिली. पेरोटेटायची पाने खालून दाट, तांबूस पिवळ्या लवेची असतात, तेव्हा ते येथे बसत नाही. वाइटायचे पान जाड आणि चामड्यासारखे. तेही जुळत नव्हते. देठाकडे पाहून मात्र मला आणखी एक नाव आठवत होते आणि ते मी त्या दिवशी मुद्दाम उच्चारले नाही.

संध्याकाळी विश्रामगृहात नमुने दाबले. शोलाच्या दमट हवेत साध्या वर्तमानपत्रात नमुना ठेवला तर दोन दिवसांत बुरशी येते. सप्टेंबरच्या खेपेला थकव्यामुळे मी कागद वेळेवर बदलले नाहीत आणि पानांवर काळे डाग पडले. ती चूक माझीच होती. या वेळी कागदाच्या घड्यांवर स्पिरिट शिंपडून गठ्ठे प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद केले, म्हणजे खाली कोरड्या हवेत पोहोचेपर्यंत ते टिकतात. डीएनएसाठी पानाचे तुकडे सिलिका जेलमध्ये ठेवले. आणि वाळल्यावर जे नाहीसे होणार ते सगळे वहीत लिहिले: कोवळ्या पानाचा गुलाबी रंग, सालीचा आतून फिकट तपकिरी रंग, वास. वास लिहिणे अवघड असते. मी लिहिले: दालचिनीचा, पण त्यात लवंगेची किंचित छटा, चव शेवटी कडवट.

चौथा दिवस : मोजणी

हा दिवस सर्वांत दमवणारा आणि सांगण्यासारखे सर्वांत कमी असलेला. ओढ्याच्या वर-खाली आणि शेजारच्या दोन दऱ्यांत आम्ही अशीच झाडे शोधली. प्रत्येकाचा घेर छातीच्या उंचीवर मोजला आणि जीपीएसची नोंद घेतली. प्रौढ झाडे 17 मिळाली, रोपे थोडी. जात नवी ठरली तर तिच्या वर्णनाबरोबर आयूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांनुसार ती किती धोक्यात आहे याचा अंदाज द्यायचा असतो आणि तो अशाच चालण्यातून येतो. 17 हा आकडा झाडाचा आहे की आमच्या पायांच्या ताकदीचा, हे वर्णनात प्रामाणिकपणे सांगावे लागेल.

तिसऱ्या दरीच्या तोंडाशी शोला संपतो आणि वॉटलचे रान सुरू होते. टॅनिनसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेली ही काळी वॉटल आणि तिच्याबरोबर निलगिरी (म्हणजे युकॅलिप्टस, नाव आपल्या डोंगराचे असले तरी झाड ऑस्ट्रेलियाचेच) एकेकाळी गवताळ माळांवर मुद्दाम लावली गेली. माळ रिकामा आहे, वाया जातो आहे, असे तेव्हा समजले गेले. त्या रिकाम्या माळात 12 वर्षांनी एकदा फुलणारी नीलकुरिंजी होती, निलगिरी ताहर ही रानशेळी चरत होती आणि शोलाला पाणी पुरवणारी मातीची जाडी त्या गवतानेच धरून ठेवली होती. वॉटलखाली आम्हाला दालचिनीचे एकही रोप दिसले नाही. अण्णा म्हणाले, त्यांच्या लहानपणी इथवर शोला होता. त्यांनी हाताने दाखवलेली रेघ सध्याच्या काठापासून सहज दोनशे पावले पुढे होती. मी तीही वहीत काढून घेतली.

निघताना त्यांनी विचारले की, नाव काय ठेवणार. मी म्हटले, आधी याला नाव आहे का ते पाहायचे. ते म्हणाले, त्यांच्याकडे या झाडाला नाव आहेच, आणि ते त्यांनी मला सांगितले. ते नाव मी त्यांच्या परवानगीनेच छापणार आहे, म्हणून येथे लिहीत नाही.

पाचवा दिवस : उतार

मरयूर, चिन्नार, उडुमलपेट, कोइम्बतूर. पिशव्या उघडून नमुने कोरड्या कागदांत बदलले. बुरशी नव्हती.

सहावा दिवस : कोइम्बतूरचे हर्बेरियम

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कोइम्बतूर येथील दक्षिण विभागात मद्रास हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. दक्षिण भारतातल्या झाडांवर काम करणाऱ्या कुणालाही येथे आल्यावाचून सुटका नाही. कपाटांच्या रांगा, नॅफ्थॅलीनचा वास, आणि सुमारे 42 बाय 28 सेंटीमीटरच्या कागदांवर शिवलेली, चिकटवलेली पाने.

माझे काम आता उलटे सुरू झाले. जंगलात आपण वेगळेपण शोधतो. येथे मी सकाळपासून एकच प्रयत्न केला, तो म्हणजे आपले झाड जुनेच आहे हे सिद्ध करण्याचा. वर्णनाचे काम करणाऱ्याने हाच प्रयत्न आधी आणि सर्व शक्ती लावून केला पाहिजे, असे माझे मत आहे. नवी जात जाहीर झाली की बातमी होते, छायाचित्र येते, पण ती पुढे जुन्याच जातीचे दुसरे नाव निघाली तर तो गोंधळ निस्तरायला कधी कधी शंभर वर्षे लागतात.

दक्षिण भारतातल्या दालचिनींचा गुंता तर जुनाच आहे. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान रीड यांच्या बारा खंडांच्या ‘होर्टस मलाबारिकस’मध्ये मलबारच्या जंगली दालचिनीचे चित्र आले. या ग्रंथाला साहाय्य करणाऱ्यांत इट्टी अच्युदन या वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोंकणी वैद्य होते आणि त्यांचे देवनागरीतले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. त्यानंतर वाइट, बेडम आणि गॅम्बल यांनी भर घातली. मग 1980च्या दशकात, जावामध्ये जन्मलेले आणि बोगोरला काम करणारे कोस्टरमान्स यांनी जुन्या नमुन्यांवरून अनेक नव्या जाती वेगळ्या काढल्या. गोव्याच्या नावाची सिनॅमोमम गोएन्से ही त्यांचीच. मी तिसऱ्या दिवशी जे नाव उच्चारले नव्हते तेही त्यांचेच: सिनॅमोमम फिलिपेडिसेलॅटम. अर्थच दोऱ्यासारख्या देठाची.

म्हणून पहिला फोल्डर तोच उघडला. दुपारपर्यंत मी त्यातल्या प्रत्येक नमुन्याचे देठ, कळ्या आणि पानांची खालची बाजू आमच्या नमुन्याशी जोडून पाहिली. देठाची लांबी एकमेकींत शिरत होती. मी फरक समजत होते तो फरक राहिला नाही. ज्या वैशिष्ट्यावर मी दोन वर्षे मनात भिस्त ठेवली होती ते वहीतून खोडले. फुलाच्या आतली लव आणि तिसऱ्या वेढ्यातल्या ग्रंथींची जागा मात्र वेगळी दिसत होती. जुन्या नमुन्यावरचे एक सुटलेले फूल तिथल्या अधिकाऱ्यांच्या परवानगीने कोमट पाण्यात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली उघडले आणि मगच तसे लिहिले. वाइटाय, पेरोटेटाय, सल्फ्युरेटम, मलाबॅट्रम यांचे फोल्डर त्यानंतर पाहिले. त्यांच्याशी गोंधळ होण्याचे कारण नाही, एवढे निश्चित झाले.

विद्यार्थी दरम्यान नियम वाचत होता. वनस्पतींची नावे 1753 सालच्या लिनिअसच्या ग्रंथापासून मोजली जातात. 1958 पासून मूळ नमुना दाखवल्याशिवाय नाव ग्राह्य धरले जात नाही. 2011 च्या अखेरपर्यंत वर्णन किंवा फरकाचे निवेदन लॅटिनमध्ये लिहिणे बंधनकारक होते. 2012 पासून इंग्रजीही चालते. आणि आपल्या जैवविविधता कायद्यानुसार, भारतात नवी जात सापडली तर ती नेमून दिलेल्या राष्ट्रीय भांडारांना कळवून नमुना तेथे ठेवावा लागतो. त्याने हे सगळे एका कागदावर क्रमाने लिहिले आणि शेवटी विचारले, “मॅडम, मराठीत लिहिले तर चालत नाही का?” नियमाने चालत नाही. पण इंग्रजी निवेदनाबरोबर मराठीतून पूर्ण वर्णन छापायला कुणाची हरकत नसते आणि ते आम्ही करणार आहोत.

सातवा दिवस : नाव नसलेला फोल्डर

प्रत्येक प्रजातीच्या कपाटात शेवटी एक फोल्डर असतो, ज्यात जाती न ठरलेले नमुने ठेवतात. मी तो नेहमी सावकाश पाहते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, सपुष्प वनस्पतींच्या नव्या जातींपैकी केवळ 16 टक्के जातींचे वर्णन नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत झाले. जवळजवळ एक चतुर्थांश वर्णनांमध्ये नमुने 50 वर्षांहून जुने होते. म्हणजे पुष्कळ नव्या जाती कपाटांतच आहेत, सापडून झालेल्या आणि न ओळखलेल्या.

फोल्डरात खालून चौथा कागद आमच्या झाडाचा होता. पान तेच, तीन शिरा तशाच, खालची बाजू जुनी होऊन करडी पडलेली पण गुळगुळीत. चिठ्ठीवर त्याच डोंगररांगेचे नाव, उंची फुटांत, आणि ‘सिनॅमोमम’ एवढेच. फूल नव्हते. पण दोन पिकलेली फळे होती, पेल्यासह.

दालचिनीचे फळ एका लहान पेल्यात बसते आणि त्या पेल्याच्या काठावर फुलाच्या परिदलांचे काय होते, हे जाती ओळखण्याचे फार महत्त्वाचे लक्षण आहे. काही जातींत परिदले पूर्ण राहतात आणि काठ सहा दातांचा दिसतो. काहींत ती अर्ध्यावर तुटतात आणि काठ बोथट होतो. जुन्या कागदावरच्या दोन्ही फळांना सहा पूर्ण दात होते. मी सप्टेंबरात गोळा केलेल्या फळांचे पाकीट उघडले. त्यांचे काठ बोथट होते.

बराच वेळ दोन्ही शेजारी ठेवून मी पाहत बसले. दोन शक्यता होत्या. एक, जुना कागद दुसऱ्याच जातीचा आहे आणि पानांचे साम्य फसवे आहे. दुसरी, मी उचललेली फळे आमच्या झाडाची नव्हतीच. ती जमिनीवरून उचललेली होती. उतारावर, चार मीटरवर सिनॅमोममचे दुसरे झाड आहे आणि ते वाइटाय आहे, हे मी चौथ्या दिवशीच नोंदवले होते. निलगिरी रानपारवा ही फळे एका झाडावर खातो आणि दुसऱ्यावर बसून टाकतो. विद्यार्थी म्हणाला, “आपण फळाचा उल्लेख टाळून, फक्त फुलावर लिहू शकतो ना?” नियमाने लिहिता येते. अशी वर्णने छापलीही जातात. पण मग पुढच्या माणसाला हाच गुंता आणखी एक नाव घालून मिळेल.

म्हणून मसुद्यात फुलाचे वर्णन पूर्ण केले, पानांचे पूर्ण केले, आणि ‘फळ’ या शब्दापुढे जागा रिकामी ठेवली. सप्टेंबरची फळे त्यांच्या मूळ क्रमांकातून काढून ‘जमिनीवरून, झाड अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून वेगळी केली.

संध्याकाळी अण्णांना फोन लावला. मोडक्या तमिळमध्ये मी समजावले की, फळ झाडावरच पिकले पाहिजे आणि पाखराने नेता कामा नये. त्यांनी आधीच विचार करून ठेवला होता, असे वाटले. आषाढातला मोठा वारा ओसरला की फांद्यांवर जाळीच्या पिशव्या बांधतो, म्हणाले. आधी बांधल्या तर वारा फांदीच मोडेल. पिशव्या किती लागतील, असे विचारले. मी म्हटले, चार. ते म्हणाले, “सहा पाठवा, दोन वांदरे फाडतील.” पट्टी लावलेल्या झाडाच्या, ओढ्याकडच्या बाजूच्या दोन फांद्या, हे त्यांनी स्वतःहूनच पुन्हा बोलून दाखवले, आणि मी ते वहीत त्या रिकाम्या जागेसमोर लिहून घेतले.